नांदायला नकार

1884 साली दादाजी भिकाजी मुंबईच्या हायकोर्टात गेले. तक्रार एवढीच, की बायको नांदायला येत नाही. बायको म्हणजे रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, पण त्या राहिल्या आईच्याच घरी. सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन. घरात पुस्तकं होती, शिकल्यासवरल्या माणसांची ये-जा होती. त्या वाचत गेल्या, आणि वाचता वाचता ज्याच्याशी आपली गाठ बांधली त्या माणसाकडे नीट पाहू लागल्या.

1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. दादाजी अपिलात गेले, आणि 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम आला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाईन. केव्हढी हिंमत ती! टिळकांच्या 'केसरी'नं दोष इंग्रजी शिक्षणाला दिला. माझ्या मते निदान बरोबर होतं, फक्त त्यांना तो रोग वाटला. पुढच्या वर्षी दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, परत येऊन त्यांनी सुरतेला दवाखाना सांभाळला. दुसरं लग्न केलं नाही.

शिक्षणानं चांगला नवरा मिळतो, असं आपण मुलींना सांगत आलो. रखमाबाईंना शिक्षणानं 'नाही' म्हणता आलं. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, कारण नकाराची सोय नसेल तर होकाराला काय किंमत?

आजही 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी जवळपास 22 टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या आढळल्या. गावात शाळा दहावीपर्यंत, कॉलेज तालुक्याला आणि एसटी वेळेवर नाही, की घरात स्थळं पाहायला सुरुवात होते. मुली शिकल्या म्हणून शेतकऱ्याच्या मुलांना पोरी मिळेनात, हेही सर्रास ऐकू येतं. त्या मुलांचं दुःख खरं आहे. पण त्याचं खापर शेतमालाच्या भावावर फोडा, पोरींच्या पुस्तकांवर नको.

आमच्या शेजारची एक मुलगी एम.एस्सी. झाली. वडिलांनी बायोडाटा छापून आणला, त्यात शिक्षण लिहिलं बी.एस्सी. 'मुलापेक्षा जास्त शिकलेली दिसली की स्थळ परततं,' ते म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं, दोन स्थळं तशीच गेली होती. ती काही बोलली नाही. पन्नास प्रती होत्या. रात्री जेवणं झाल्यावर ती पाटावर बसली आणि निळ्या पेननं प्रत्येक कागदावर 'बी'वर रेघ मारून वर 'एम' लिहीत गेली. वडील पलंगावरून बघत होते. पंधरा-वीस कागद झाल्यावर ते उठले, चष्मा लावला आणि उरलेल्या गठ्ठ्यातले निम्मे स्वतःकडे ओढून घेतले.