चाळीखालच्या गाळ्याचं मोजमाप

श्रोतेहो, नमस्कार.

मार्च ते मे या महिन्यांत लालबागच्या मसाला गल्लीत पाऊल ठेवलं की पहिला ठसका नाकाला बसतो. एका दुकानात बेडगी, संकेश्वरी, लवंगी मिरची तोलून घ्यायची, तिथेच धणे, दगडफूल, तमालपत्र बांधून घ्यायचं, कुणाकडून तरी मिरची भाजून घ्यायची आणि मग डंकावर, म्हणजे मसाला कुटायच्या यंत्रावर, रांग लावायची. वर्षाचा मसाला घरी जातो तेव्हा चार जणांच्या हाताला काम मिळालेलं असतं. यातला डंक उद्या बंद पडला, तर मिरचीवाल्याकडे तरी गिऱ्हाईक कशाला येईल? नुसती मिरची काय, घराजवळही मिळते. जुन्या वस्तीतली दुकानं अशी एकमेकांच्या टेकूवर उभी असतात. एक हललं की बाकीचीही हलायला लागतात.

गिरणगावातली, म्हणजे लालबाग-परळच्या कापडगिरण्यांच्या वस्तीतली, ही दुकानं दोन टप्प्यांत गेली. पहिला टप्पा 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाचा. पगारावर ज्यांची उधारी फिटायची ते किराणावाले आणि तिन्ही पाळ्यांच्या कामगारांना डबे घालणाऱ्या खानावळवाल्या बायका यांचं गिऱ्हाईकच गेलं. दुसरा टप्पा जमिनीचा. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीची तीन भागांत वाटणी ठरली होती : एक भाग पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 च्या दुरुस्तीनं ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम ठेवली. पुढे परळ, लोअर परळ, लालबागमध्ये मॉल, कचेऱ्या आणि उंच इमारती आल्या, आणि त्या भावानं आजूबाजूच्या चाळींच्या जमिनीचाही हिशेब होऊ लागला. आज बोलायचं आहे ते या चाळींच्या तळमजल्याबद्दल.

मुंबई शहर भागातल्या 30 सप्टेंबर 1969 पूर्वीच्या भाड्याच्या इमारती बहुतेक उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, आहेत. त्यांचा पुनर्विकास सहसा विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(7) या कलमाखाली होतो. या कलमात राहत्या भाडेकरूला किमान 300 चौरस फूट चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, मिळतं. म्हणजे दहा बाय बाराची, 120 फुटांची खोली असली तरी 300 फुटांचं घर. त्याच चाळीखालच्या दहा बाय बाराच्या दुकानाला मात्र जेवढ्यास तेवढी जागा, 120 फूटच. ही तफावत शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक नसते. वरचे भाडेकरू मोठ्या घराच्या आनंदात असतात. खालचा दुकानदार गप्प का बसलाय, ते त्यांना कळत नाही.

आणि 120 फूट हा आकडाही फसवा असतो. जुन्या दुकानात उंची भरपूर, म्हणून वर लाकडी पोटमाळा. पोती, डबे, दिवाळीचा माल सगळा तिथे. बाहेर ओटा, त्यावर सकाळी कांदे-बटाट्याच्या टोपल्या. मोजणीत पोटमाळा बहुधा धरत नाहीत, ओटा तर नाहीच. म्हणजे दुकानदार वापरत होता दोनशे फुटांच्या आसपास आणि कागदावर आले 120. म्हणून नव्या गाळ्याची तळापासून छतापर्यंतची उंची करारात फुटांत लिहून घ्यावी आणि पोटमाळा करायला परवानगी मिळेल अशीच ती असावी. ‘पुरेशी उंची’ असा शब्द मान्य करू नये.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दुकानाचं तोंड, म्हणजे समोरची रुंदी. दहा फूट तोंड आणि आत बारा फूट खोल, हेही 120. सहा फूट तोंड आणि आत वीस फूट खोल, हेही 120. कागदावर दोन्ही सारखे. पण सहा फुटांच्या तोंडात एका बाजूला काउंटर ठेवला की माणूस जेमतेम आत शिरतो, मागचा माल अंधारात जातो आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला दुकान दिसतच नाही. तोंड रस्त्याकडे आहे की आतल्या पार्किंगच्या वाटेकडे, हा पुढचा प्रश्न. नव्या इमारतीत रस्त्याची दर्शनी बाजू सगळ्यात महाग, त्यामुळे विकासक ती विक्रीसाठी राखतो आणि जुन्या दुकानदारांना मागे किंवा पहिल्या मजल्यावर पाठवतो. भाजीवाला, न्हावी, चप्पल शिवणारा पहिल्या मजल्यावर चालत नाही. गुडघे दुखणारी आजी कोथिंबिरीच्या जुडीसाठी जिना चढणार नाही. तेव्हा करारासोबत नकाशा जोडायचा, त्यावर आपला गाळा रंगवून घ्यायचा आणि तोंड किती फूट, कुठल्या रस्त्याला, रस्त्यापासून किती पायऱ्या वर, हे आकड्यांत लिहायचं. नकाशावर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात.

आता गिरणी किंवा डंक असेल तर आणखी तीन गोष्टी. पिठाच्या गिरणीची 10 हॉर्सपॉवरची मोटर म्हणजे जवळपास साडेसात किलोवॅटचा भार, तोही थ्री-फेज. विकासक इमारतीसाठी विजेचा अर्ज करतो तेव्हाच हा भार त्यात धरायला हवा. ताबा मिळाल्यावर मागायला गेलात तर केबल नाही, मीटरच्या खोलीत जागा नाही, अशी उत्तरं मिळतात. दुसरं, पाया. डंकाचे घाव जमिनीत जातात. नव्या इमारतीत गाळ्याखाली तळघरातलं पार्किंग असेल, तर डंक पोकळ स्लॅबवर येतो, सगळा मजला हादरतो आणि पहिल्या महिन्यातच तक्रार होते. अशा गाळ्याखाली भरीव जमीन हवी किंवा यंत्राचा वेगळा पाया इमारतीच्या आराखड्यातच काढलेला हवा. तिसरं, मिरचीच्या आणि पिठाच्या धुरळ्यासाठी गच्चीपर्यंत जाणारी धुराड्याची नळी. ही नळी नंतर बसवता येत नाही, कारण ती दहा जणांच्या खिडक्यांसमोरून जाते. म्हणून आराखडा मंजूर होण्याआधी वास्तुविशारदाला भेटून यंत्राची मापं द्यावीत. करारात नुसतं ‘दुकान’ न लिहिता ‘पिठाची गिरणी’ किंवा ‘मसाला कुटण्याचा डंक’ असं लिहून घ्यावं, म्हणजे पुढे सोसायटी हरकत घेईल तेव्हा हातात कागद असतो.

सगळ्यात नाजूक काळ मधला. घर पाडलं की राहणारा माणूस भाडं घेऊन उपनगरात जाऊन राहू शकतो, तीन-चार वर्षांनी परत येतो आणि तो त्याच घरातला असतो. दुकानाचं तसं नाही. दुधाच्या दुकानाचं गिऱ्हाईक महिनाभरात दुसरीकडे लागतं. उधारीच्या वहीतली माणसं विखुरतात, वहीतला पैसा बुडतो. आणि काम तीन वर्षांत पुरं होईल याची खात्री कुणी देत नाही. अर्धवट राहिलेले सांगाडे या शहरात कमी नाहीत. त्यामुळे दुकानदारानं भाड्याच्या चेकवर समाधान मानू नये. पर्यायी गाळा त्याच वस्तीत, चालत जाण्याच्या अंतरावर मागावा. सामान हलवण्याचा, फळ्या-कपाटं बसवण्याचा आणि वीजजोडणीचा खर्च वेगळा मागावा, तोही दोन वेळचा, जाताना आणि येताना. पुढच्या वर्षाचे चेक आगाऊ घ्यावेत आणि ते वटले नाहीत तर काय, हे करारात असावं. जमत असेल तर बँक हमी. हा करार नोंदणीकृतच हवा. नुसत्या लेटरहेडवरच्या आश्वासनावर गाळा रिकामा करू नये.

परत आल्यावरही हिशेब बसायला हवा. समजा, गिरणीत रोज 150 किलो दळण येतं आणि किलोला 8 रुपये मिळतात. दिवसाचे 1,200, महिन्याचे 26 दिवस धरले तर 31,200. त्यातून विजेचे सहा हजार, दळणाऱ्या माणसाचे बारा हजार, दगडाला टाकी लावणं, पट्टे, दुरुस्ती यांचे दोन हजार गेले की 11,200 उरतात. नव्या इमारतीचा देखभाल खर्च आणि मालमत्ता कर त्यातूनच. आता तोच 120 फुटांचा गाळा कुणी फुटाला 200 रुपये भाड्यानं मागितला, तर घरबसल्या 24,000 मिळतात. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण प्रमाण असंच असतं. अशा वेळी गिरणीवाल्यानं गाळा कॉफीच्या दुकानाला दिला, तर त्याला दोष कसा द्यायचा? म्हणून देखभाल खर्चाची मागणी सुरुवातीलाच करायला हवी : तळमजल्याच्या गाळ्याकडून लिफ्ट, व्यायामशाळा, बाग यांचे पैसे घेऊ नयेत आणि पुनर्वसनाच्या गाळ्यांसाठी काही वर्षांची देखभाल रक्कम विकासकानं एकरकमी जमा करावी.

हे मागायचं कधी? 33(7) मध्ये संमती डोक्यांवर मोजली जाते. चाळीत चाळीस खोल्या आणि पाच दुकानं असतील तर दुकानदारांशिवायही बहुमत होतं आणि एकदा ते झालं की दुकानदाराचं म्हणणं कुणी ऐकत नाही. तेव्हा वरच्या मजल्यांवर राहणाऱ्या श्रोत्यांना विनंती आहे. विकासकाला जे पहिलं मागणीपत्र द्याल, त्यातच दुकानांचं तोंड, उंची आणि मधल्या काळातला गाळा हे मुद्दे घाला. संमतीपत्रांवर सह्या करण्याआधी. तुमची सही हीच त्यांची ताकद आहे. नंतर वाईट वाटून उपयोग नसतो.

दुकानदारांनी कागद आतापासून जमवावेत. भाडेपावती कुणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. पुष्कळ ठिकाणी ती अजून आजोबांच्या नावावर असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 प्रमाणे धंद्याच्या जागेचा भाडेकरू वारला, तर त्या वेळी त्याच्याबरोबर तिथे धंदा करणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क धरला जातो. म्हणून गल्ल्यावर बसणारा मुलगा, मुलगी किंवा सून यांचं नाव गुमास्त्याच्या कागदावर, अन्नपदार्थांच्या नोंदणीवर, बँक खात्यावर कुठेतरी लागलेलं असू द्या. योग्य कारणाशिवाय दुकान सलग सहा महिने बंद ठेवलं, तर मालकाला जागा परत मागण्याचं कारण मिळतं. तेव्हा गावी राहिलात तरी दुकान कुणीतरी उघडत राहायला हवं, विजेची बिलं येत राहायला हवीत. मालक भाडं घेईनासा झाला तर मनीऑर्डरनं किंवा बँकेतून पाठवायचं आणि परत आलेली पावती फाइलला लावायची. ‘घेत नाही तर मी काय करू’ म्हणून भाडं थकवणं ही सर्रास होणारी चूक आहे. थकबाकीचा दावा लघुवाद न्यायालयात गेला की बाजू कमकुवत होते.

इमारत अतिधोकादायक ठरवून पालिकेची, महापालिका कायद्याच्या कलम 354 ची, नोटीस आली, तर जीव आधी, जागा रिकामी करावीच लागते. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2014 च्या एका निकालात म्हटलं आहे. पण हक्क टिकला तरी माप टिकेल असं नाही. म्हणून बाहेर पडण्याआधी पालिकेच्या अधिकाऱ्याकडून गाळ्याचं मोजमाप करून त्याची प्रत घ्या. त्याशिवाय स्वतः फोटो काढा : तोंडावर टेप धरून एक, गाळा आत किती खोल आहे ते दाखवणारा एक, पोटमाळ्याचा एक, समोरच्या रस्त्यासह एक आणि विजेच्या मीटरचा नंबर स्पष्ट दिसेल असा एक. टेप फुटांची असावी आणि फोटोत आकडा वाचता यायला हवा.

नमस्कार.