घाट उतरलं की गार लागतं का?

(पहाट. भाजी मार्केट. गाड्या भरणं चालू.)

बेळगावचं भाजी मार्केट, अजून उजाडायचंय. कोबी, फ्लॉवर, गाजर, ढबू मिरची, कोथिंबीर, सगळं गोव्याला निघालंय. रोजचंच आहे हे. गोव्यात संध्याकाळी ज्या कितीतरी घरांत भाजी शिजते ती सकाळी आपल्याकडनं चोर्ला घाटातनं उतरलेली असते.

आज मात्र भाजीकडे नको, त्या गोणपाटाकडे बघा. कोथिंबिरीच्या पेंढ्यांवर ओलं गोणपाट टाकलंय. ही गाडी उशिरा सुटणारी आहे, म्हणजे उन्हात सापडणारी, म्हणून आधीच पाणी मारून घेतलंय. ड्रायव्हर मामांना विचारलं, मामा, वाटेत परत पाणी मारता काय? तर म्हणाले, "घाटाच्या वर, जांबोटी-कणकुंबीपर्यंत मारावं लागतंय, लगेच सुकतंय. घाट उतरून गोव्यात साखळी गावाच्या पुढं गेलं की सुकतच नाही बघ, तसंच ओलं राहतंय. आणि तरी माल कोमेजतोय."

या एका वाक्यासाठी आम्ही हा व्हिडिओ केलाय असं म्हटलं तरी चालेल.

कारण एप्रिल लागला की आपल्याकडे घरोघरी एकच विषय निघतो. लई उकडालंय, आता बेळगाव पहिल्यासारखं राहिलं नाही, गोव्याला नाहीतर कारवार-वेंगुर्ल्याकडे एखादा वन बीएचके घेऊन टाकूया, समुद्राकाठी वारं तरी असतंय. रिटायर झालेले बोलतात, पोरगं गोव्यात वेर्ण्याला नोकरीला आहे ते आईवडील बोलतात, आणि काही जण खरोखर घेतातही. म्हणून विचार केला, बोलत बसण्यापेक्षा भाजीच्या गाडीमागनंच घाट उतरूया आणि बघूया.

(ड्रोन. चोर्ला घाट, वळणं, खाली दाट जंगल.)

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे. कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते, ते थोडं आणखी वर. आणि इथनं पुढं रस्ता जो कलंडतो तो एकदम खालीच. हा पट्टा बघा, हिरवागार आहे, इथं गाडीच्या काचा खाली केल्या की अंगावर जे येतं त्याला गारवाच म्हणायचं. लोकांना वाटतं हा समुद्राचा गारवा सुरू झाला. नाही. हा झाडांचा आणि उंचीचा गारवा आहे, आणि घाट संपला की तो संपतो.

आता खालचा भाग जरा नीट ऐका, कारण इथंच सगळी मेख आहे.

(क्लोजअप. दोन थर्मामीटर, एकाच्या बुडाला ओलं फडकं.)

हे दोन साधे थर्मामीटर, बाजूबाजूला टांगलेत. एक नुसता, एकाच्या बुडाला सुती फडकं गुंडाळून ओलं केलंय. नुसता थर्मामीटर हवा किती तापलीय ते सांगतो. ओल्या फडक्याचा थर्मामीटर सांगतो की घाम सुकला तर अंग किती गार होऊ शकेल. फडक्यातलं पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, मामांच्या गोणपाटाचं तेच आणि आपल्या अंगावरच्या घामाचंही तेच.

हिशोब करून बघा. बेळगावात एप्रिलची दुपार आहे, 35 अंश, हवेत आर्द्रता 30 टक्के. तर ओल्या फडक्याचा पारा 22 च्या आसपास येतो. म्हणजे घाम येतोय, सुकतोय, अंग गार होतंय, सावलीत बसलं की बरं वाटतंय. आता पणजी घ्या. 33 अंश. दोन अंशांनी कमीच की. पण आर्द्रता 70 टक्के असली तर ओलं फडकं 28 वर जाऊन थांबतं. टीव्हीवर 33 बघून आपण म्हणतो गोवा गार आहे, पण अंगाच्या हिशोबानं तो बेळगावपेक्षा सहा अंशांनी जास्त गरम आहे. घाम गळतो, सुकत नाही, शर्ट पाठीला चिकटतो, आणि आतली उष्णता आतच राहते.

याला मर्यादा आहे. पूर्वी शास्त्रज्ञ कागदावर हिशोब करून म्हणायचे की ओल्या फडक्याचा पारा 35 ला गेला की धडधाकट माणूससुद्धा फार तास तग धरत नाही. अमेरिकेत पेन स्टेट युनिव्हर्सिटीत खरोखरची तरुण, निरोगी माणसं घेऊन प्रयोग केले, 2022 साली निकाल छापले, तर दमट हवेत ही मर्यादा 31 च्या आसपासच निघाली. तरुण आणि निरोगी. आणि समुद्राकाठी घर बघणारे आपले बहुतेक जण साठीच्या पुढचे.

हवामान खात्याचे नियमही हेच सांगतात. सपाटीवर उष्णतेची लाट म्हणायला पारा किमान 40 ला जावा लागतो, किनाऱ्यावर 37 लाच लाट धरतात, अर्थात दोन्हीकडे तो नेहमीपेक्षा साडेचार अंश तरी वर असावा लागतो. किनाऱ्याला ही तीन अंशांची सूट लाडानं दिलेली नाही, तिथं 37 लाच माणूस आडवा होतो म्हणून आहे.

(कारवार. किनारा, काळी नदीचं मुख, वाळत घातलेली मासळी.)

आता वाऱ्याचं बोलूया, कारण लोक समुद्राकाठी जातात ते वाऱ्यासाठी. शाळेत भूगोलात घोकलेलं आठवत असेल, खारे वारे आणि मतलई वारे. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते, ते खारे वारे. रात्री उलट, जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीकडनं समुद्राकडे, ते मतलई. हा वारा खरा आहे, खोटं कशाला बोला. कारवारला वाळूवर आम्ही उभे होतो, दुपारी वारा सुटला तेव्हा झावळ्या बघा कशा हलल्यात, आणि खरंच बरं वाटलं. मासळी वाळत घालणाऱ्या मावशींनी पदर डोक्यावर घट्ट बांधून घेतला तो याच वाऱ्याला.

पण दोन गोष्टी आहेत. एक, हा वारा काठापाशी जोरात असतो आणि आत जाल तसा मरत जातो. साखळी, वाळपई, फोंडा इथं समुद्र फार लांब नाही तरी दुपार पणजीपेक्षा कडक असते. आणि आपल्या बजेटमध्ये येणारा फ्लॅट काठावर नसतोच, तो आत असतो, पुढं चार मजल्यांच्या तीन बिल्डिंगा असतात आणि बाल्कनी पूर्वेला. दुसरी गोष्ट, एप्रिल-मे मध्ये अरबी समुद्राचं पाणीच 30 अंशांच्या आसपास असतं. तो वारा आणून आणून किती गार आणणार? आणि येताना ओलावा घेऊनच येतो.

हा समुद्रही पहिला राहिलेला नाही. हिंदी महासागर 1950 पासून शतकाला 1.2 अंश या वेगानं तापतोय, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय.

(परत ड्रोन. घाटमाथ्यावरनं पश्चिमेकडे, धुरकट कोकण.)

आता जे सांगतोय ते आम्हाला स्वतःलाही हे काम करताना सगळ्यात जास्त भिडलं. किनाऱ्यावरचे सगळ्यात तापलेले दिवस मे मध्ये नसतात, ते बऱ्याचदा फेब्रुवारी-मार्चमध्येच येतात. 2023 च्या मार्चमध्ये गोव्यात उष्णतेच्या लाटेचा इशारा आला आणि शाळा दुपारच्या आत सोडल्या. 2025 च्या फेब्रुवारीत, फेब्रुवारीत म्हणजे आपल्याकडे अजून पहाटे स्वेटर असतो, तेव्हा कोकण, गोवा आणि कारवारच्या किनाऱ्यावर उष्णतेच्या लाटेचा इशारा होता.

का? तर त्या दिवसांत पूर्वेकडनं वारा जोरात असतो. पूर्वेकडनं म्हणजे कुठनं, तर आपल्याकडनं, पठारावरनं. हा कोरडा वारा सह्याद्रीच्या कड्यावरनं खाली उतरतो. हवा खाली उतरताना दाबली जाते, आणि दाबलेली हवा तापते, सायकलमध्ये हवा मारताना पंपाचं तोंड हाताला गरम लागतं तसंच. दर 100 मीटर उतरली की जवळपास 1 अंश. 750 मीटर उतरायचं म्हणजे सात अंश. सकाळी आपल्या अंगणात जो वारा कोवळा लागतो तोच खाली कारवारला, पणजीला पोहोचेपर्यंत सात अंश गरम झालेला असतो, आणि वर समुद्राकडनं येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याला तो आत येऊच देत नाही. एरवी अकरा-बाराला सुटणारा वारा मग दोन-दोन, तीन-तीन वाजेपर्यंत अडून राहतो. तोपर्यंत किनारा भाजून निघतो.

म्हणजे आपण ज्या उकाड्यातनं पळून जायचं म्हणतोय तो आपल्याच मागनं घाट उतरतो, आणि उतरताना जास्त तापून येतो.

2023 च्या 16 एप्रिलला नवी मुंबईत खारघरच्या मैदानात भर उन्हात कार्यक्रम झाला, समुद्र जवळच, पारा 40 च्या खालीच, तरी उष्माघातानं 14 माणसं गेली.

(टिळकवाडीतलं घर. व्हरांडा, काका-काकू.)

बेळगावात टिळकवाडीतल्या या काकांनी काही वर्षांपूर्वी म्हापशाकडे फ्लॅट घेतला होता. हौसेनं घेतला, दोन उन्हाळे काढले, आणि आता तो भाड्यानं दिलाय. नाव सांगू नका म्हणाले. विचारलं, काका, समुद्र जवळ, मासळी ताजी, मग परत का आलात? 

"अरे, दिवस निघतो रे. पंखा लावायचा, पडून राहायचं, निघतो दिवस. रात्र निघत नाही. रात्री दोनला उठून मी दोनदा आंघोळ करायचो."

काकू आतनं म्हणाल्या, "आणि एसीचं बिल कोण सांगणार?" 

काकांचं हे रात्रीचं बोलणं आकड्यात बघा. एप्रिल-मे मध्ये बेळगावची पहाट साधारण 20-21 अंशांपर्यंत उतरते. पणजीची 25-26 च्या खाली जायला तयार नसते. आपल्याकडे हवा कोरडी आणि उंचीवरची, सूर्य मावळला की जमिनीतली धग सरळ वर आकाशात निघून जाते. खाली हवेत पाण्याची वाफ भरलेली, ती धग धरून ठेवते. दुपारी तापलेलं शरीर रात्री निवलं पाहिजे, हृदयाला विश्रांती मिळाली पाहिजे, ती मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशीचं ऊन आदल्या दिवसाच्या वर चढतं. म्हाताऱ्या माणसांना उन्हाळा बाधतो तो बऱ्याचदा अशा लागोपाठच्या रात्रींमुळे. घर बघायला जाणारा मात्र जानेवारीत जातो, सकाळी अकराला जातो, आणि गच्चीवरनं समुद्र दिसतो का एवढंच बघतो.

कोकणातली जुनी माणसं या हवेत पिढ्यान् पिढ्या राहिलीच की. पण ती कशी राहिली बघा. हे कौलारू घर आहे, छप्पर उंच, कौलांच्या फटीतनं गरम हवा वर निघून जाते, भोवती पडवी, भिंतीवर ऊन पडतच नाही, दारात माड-पोफळी, समोरच्या दारातनं शिरलेला वारा मागच्या दारातनं बाहेर. कामं पहाटे आणि संध्याकाळी. त्या हवेसाठी ते घर होतं. आता तिथंही स्लॅब टाकतात, काचेच्या सरकत्या खिडक्या, त्यातली अर्धी कायम बंद.

(बेळगाव. कॅम्पमधले झाडांचे रस्ते. मग खानापूर रोड.)

आणि आता आपलं बघूया. हा कॅम्पमधला रस्ता, दुपारी दोनचा शॉट आहे, बघून वाटतं का? दोन्ही बाजूंनी जुनी झाडं, वर फांद्या एकमेकींना टेकल्यात, खाली डांबरावर ऊन ठिपक्याठिपक्यानं पडलंय. एक माणूस सायकल लावून झाडाखाली झोपलाय, दुपारी दोनला, उघड्यावर.

आणि हा खानापूर रोड. रुंदीकरणाआधी या रस्त्याला काय झाडं होती ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. चार पदरी झाला, खानापूर लवकर येतं, अपघाताची वळणं गेली, हे खरं आहे. सावली कुठं आहे बघा. बसची वाट बघणारी बाई विजेच्या खांबाच्या सावलीत उभी आहे, तेवढ्याच रुंदीत, आणि सावली सरकेल तशी ती सरकतेय.

2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या 20 शहरांत बेळगावचं नाव आलं, त्यानंतर कितीतरी रस्ते काँक्रीटचे झाले, कडेला फरशा बसल्या. काँक्रीट दिवसभर ऊन पितं आणि रात्री सोडतं. म्हणजे जी गार रात्र आपल्याकडे आहे आणि पणजीकडे नाही, नेमकी तीच आपण खर्च करतोय. एप्रिलात पारा 38-39 ला टेकायला लागलाय तो काही फक्त आपल्या झाडांमुळे नाही, सगळं जगच तापतंय, ते आपल्या हातात नाही. पण दुपारी दोनला रस्त्यावर सावली असणं, अंगणात माती उघडी असणं, ते आपल्या हातात आहे.

संध्याकाळी पाचनंतर किल्ल्याकडे किंवा येळ्ळूरच्या राजहंसगडावर जाऊन उभं राहा. पश्चिमेकडनं वारा येतो. समुद्राकडनं निघालेलाच, पण आता तो चढून आलाय, आणि उतरताना हवा तापते तशी चढताना ती निवते. वाटेत जंगल आहे, जांबोटीचं, कणकुंबीचं, भीमगडचं. समुद्राचं जे चांगलं आहे ते असं आपल्याकडे घरबसल्या येतंय, चिकटपणा घाटाखाली ठेवून. त्या जंगलातनं रस्ता, लाईन, पाईप न्यायचं काही निघालं की आपण तो खानापूरवाल्यांचा प्रश्न समजतो. तो टिळकवाडीचा, शहापूरचा, वडगावचाही तितकाच आहे.

ज्यांना तरीही जायचंच आहे, पोरं तिकडं आहेत, नोकरी आहे, त्यांनी जरूर जावं. फक्त घर ठरवायच्या आधी मे महिन्यात तिथं एक रात्र काढा, पंख्यावर, एसी न लावता. मोबाईलवर दिवसाचं तापमान बघू नका, पहाटेचं किमान आणि आर्द्रता बघा. खिडकी पश्चिमेला आहे का आणि तिच्यासमोर काय बांधायला घेतलंय ते विचारा. आणि इकडचं घर विकू नका, निदान दारातलं आंब्याचं झाड ज्याच्या ताब्यात देताय त्याला विचारून घ्या की तो ते ठेवणार आहे का.