स्वेलडेलचे गडगे

(ड्रोनचं दृश्य : खोरं)

स्वेलडेलमध्ये पहिल्यांदा नजरेत भरतात ते हे दगडी गडगे. नदीकाठाहून निघतात आणि उभी चढण चढून थेट माळापर्यंत जातात. हे खोरं उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशर डेल्स राष्ट्रीय उद्यानातलं. सगळ्या उद्यानात असे गडगे 8,000 किलोमीटरहून अधिक भरतील. त्यांतले पुष्कळसे 18व्या-19व्या शतकातले. पार्लमेंटच्या कायद्यांनी गावोगावची सामाईक चराई वाटली गेली, तेव्हा उभे राहिलेले.

(जवळून : हात, दगड)

हा पडलेला भाग पुन्हा रचला जातोय. आधी सगळा दगड उतरवून वेगवेगळा लावला. पायात मोठे धोंडे गेले. आता समोरासमोरच्या दोन भिंती बरोबरीने चढताहेत, खाली रुंद आणि वर निमुळत्या. लाकडी चौकटीला ताणलेल्या दोऱ्या तो उतार राखतात.

हात बघा. दगडाची लांब बाजू आत जाते, बाहेर दिसतं ते नुसतं टोक. एकावर दोन, दोनांवर एक. सांध्यावर सांधा येता कामा नये. मधल्या पोकळीत बारीक दगड भरतात, तेही ओतून नाही, एकेक हाताने बसवून. ही भर सैल राहिली की गडगा पोटात फुगतो आणि एखाद्या हिवाळ्यात ढासळतो. निम्म्या उंचीवर आरपार जाणारे लांब दगड दोन्ही भिंतींना बांधून ठेवतात. माथ्यावर उभे दगड, घट्ट ठोकलेले.

चुना नाही, सिमेंट नाही. कसलेल्या माणसाचे दिवसाला दोन-तीन मीटर होतात. तारेचं कुंपण कितीतरी झटपट होतं, पण बर्फाच्या वादळात मेंढ्यांना आडोसा देतो तो गडगाच.

(कुरणातला गोठा)

हे एकेकटे गोठे गडग्यांइतकेच महत्त्वाचे. वर गवत, खाली हिवाळाभर गुरं, आणि शेणखत वसंतात त्याच कुरणाला. गवत लांब वाहायला नको, म्हणून कुरणाकुरणात गोठा.

डेल्समधल्या काही गोठ्यांत आता वाटसरू उतरतात. झोपायला फळ्यांचं मचाण, स्लीपिंग बॅग आपली आपण न्यायची. तेवढं नको असेल तर शेतकरी कुटुंबाने चालवलेलं बी-अँड-बी, म्हणजे मुक्काम आणि न्याहारीचं घर, शोधा, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. पाहुण्यांचे पैसे गडगे सांभाळणाऱ्या घरातच राहतात. कित्येक गोठ्यांची छपरं गेली आहेत, आणि बरीच घरं सुट्टीपुरती उघडत असल्याने गावच्या तरुणांना घर परवडत नाही.

(म्यूकर, जून)

म्यूकर गावाबाहेरची ही कुरणं. पिवळे बटरकप, जांभळे क्रेन्सबिल. 1930च्या दशकापासून इंग्लंड आणि वेल्समधली अशी 97 टक्के कुरणं संपली. इथली कापणी फुलांचं बी पडल्यावर, जुलैच्या मध्यानंतर होते. तोवर या फरसबंद पायवाटेवरून एकामागे एकच चालायचं. दोन्ही बाजूंना उभा आहे तो गुरांचा हिवाळ्याचा चारा.