अपघात झाला, माणूस गेला. पण स्टेअरिंगवर कोण होतं?

नमस्कार मंडळी. समजा, रात्री अकराला कोल्हापूरच्या शिरोली नाक्याजवळ कारनं दुचाकीला उडवलं आणि माणूस जागीच गेला. गाडी सापडली, पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं. बघणाऱ्याला वाटतं, आता केसमध्ये राहिलं काय? राहिलंय की. कसबा बावड्याच्या कोर्टात उलटतपासाला साक्षीदार उभा राहतो. वकील विचारतात, "चालकाला बघितलं होतं?" तो बिचारा खरं तेच सांगतो, "आवाज आला म्हणून वळून बघितलं." झालं!

गाडी ज्याच्या नावावर, तोच चालवत होता असं कायदा धरत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम 106 (1) (जुन्या दंड संहितेतल्या 304 अ च्या जागी आलेलं), यात 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण ती हयगयीनं चालवणाऱ्याला. चालक कोण, हे मालकानं पोलिसांना सांगायलाच पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम 133. इथंच कधीकधी पगारी ड्रायव्हर पुढं केला जातो. आणि कुणी ठाण्यात "मीच चालवत होतो" म्हणाला, तरी पोलिसांपुढची ती कबुली त्याच्याविरुद्ध चालत नाही.

सलमान खानची केस आठवा. अपघात 2002 चा, वांद्र्यातला. मे 2015 मध्ये सत्र न्यायालयानं 5 वर्षं दिली, डिसेंबरात उच्च न्यायालयानं सोडलं. गाडी तेच चालवत होते हे संशयापलीकडे सिद्ध झालं नाही, हे त्यातलं मोठं कारण.

मला विचाराल तर खरा साक्षीदार गाडीच असते. आपल्याकडं चालक उजवीकडं बसतो, त्यामुळं सीटबेल्टचा वळ त्याच्या उजव्या खांद्यावर उठतो, शेजारच्याच्या डाव्या. सीपीआर रुग्णालयातल्या डॉक्टरांनी वळ कुठल्या बाजूला लिहिलाय, यावर केस फिरू शकते. स्टेअरिंगच्या एअरबॅगवर रक्त असेल तर डीएनए जुळवता येतो. सीट किती मागं होती तेही बघायचं; पाच फुटी माणसाचा पाय पेडलला पोचेल का? पण हे क्रेनवाल्यानं आत बसून सीट सरकवायच्या आधी पंचनाम्यात आलं पाहिजे. (नेमकं तेच राहतं!)

किणी टोलनाक्याचं फुटेज असेल तर लगेच मागवा, कॅमेरे जुनं पुसून नवं भरतात. सोबत साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्रही लागतं.

आणि मयताच्या घरच्यांनो, आरोपी सुटला म्हणून भरपाईचा दावा सोडू नका. मोटार अपघात न्यायाधिकरणात संशयापलीकडचा पुरावा लागत नाही. जास्त शक्यता कुठली, एवढंच बघतात.