प्रेमाला जागा कुठे?

श्रोतेहो, नमस्कार. सर्वंकष हुकूमशाहीच्या कल्पित जगावरच्या कादंबऱ्या वाचताना आपलं लक्ष जातं ते पाळतीकडे, कोठड्यांकडे. आज त्यांतल्या प्रेमाबद्दल बोलू या, तेही व्यवहाराच्या अंगानं. दोन माणसांना भेटायला जागा कुठे मिळते, वेळ कोण देतं आणि हे प्रेम मोडायला सत्तेला काय काय करावं लागतं?

येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकानं १९२०-२१मध्ये ‘वुई’ लिहिली. तिथे माणसांना नावं नाहीत, क्रमांक आहेत आणि घरांच्या भिंती काचेच्या आहेत. शरीरसंबंधांना मनाई नाही, त्यांचं रेशनिंग आहे. प्रयोगशाळेत तपासणी होते, त्यावरून दिवस ठरतात आणि गुलाबी कुपनांचं पुस्तक मिळतं. कुपन दिलं की तेवढ्यापुरते पडदे खाली सोडता येतात. कुणालाही कुणाचीही मागणी करता येते, त्यामुळे कुणी कुणासाठी झुरण्याचा प्रश्नच उरत नाही. अशा व्यवस्थेत वाढलेला डी-५०३ जेव्हा खरोखर प्रेमात पडतो, तेव्हा तो डॉक्टरकडे जातो. निदान होतं: तुमच्यात आत्मा तयार झालाय.

जॉर्ज ऑर्वेलच्या, १९४९ साली आलेल्या ‘१९८४’ या कादंबरीत रीत उलटी आहे. लग्नाला समितीची मंजुरी लागते आणि दोघांना एकमेकांची ओढ आहे असं दिसलं तर ती मिळत नाही. कादंबरीची नायिका ज्यूलिया याचं कारण चोख सांगते: प्रेमात सुखावलेल्या माणसाला मोर्च्यांत आणि घोषणांत रस राहत नाही, सत्ताधारी पक्षाला हवी असते ती कोंडलेली ऊर्जा.

आता ज्यूलिया आणि नायक विन्स्टन या दोघांची भेट कशी जमते ते बारकाईनं पाहा. हात झोळीत असलेली ज्यूलिया ऑफिसच्या बोळात पडते, विन्स्टन तिला उठवतो आणि तेवढ्यात ती त्याच्या हातात चिठ्ठी सरकवते. चिठ्ठीवर प्रेमाचे शब्द आहेत. तोवर तो तिला हेर समजत होता! पुढे कँटीनमध्ये एका टेबलावर बसायला मिळेपर्यंत दिवसांमागून दिवस जातात. तिथेही एकमेकांकडे न बघता, चमच्यानं पातळ रस्सा खात, हलक्या आवाजात जागा आणि वेळ ठरते. मग चौकातल्या गर्दीत दहा सेकंदही नाहीत इतका वेळ हात हातात. मान वळवून तिचे डोळे कुठल्या रंगाचे आहेत तेवढंही त्याला बघता येत नाही. हे एकाकीपण माणसं आसपास नसल्याचं नाही. माणसं अंगाला अंग लागून आहेत, पण कुणाकडेही बघायची सोय नाही.

शेवटी दोघं पकडले जातात. छळाच्या १०१ नंबरच्या खोलीत उंदरांचा पिंजरा तोंडाजवळ येतो, तेव्हा विन्स्टन ओरडतो की हे माझ्याऐवजी ज्यूलियाला करा. सुटकेनंतर दोघं मार्चमधल्या एका बोचऱ्या थंडीच्या दिवशी बागेत भेटतात. आता त्यांच्यावर कुणी फारशी पाळत ठेवत नाही. वेळ आहे, जागा आहे, पण एकमेकांना द्यायला काहीच उरलेलं नाही. इतकं निर्दय प्रकरण या प्रकारच्या साहित्यात क्वचितच सापडेल. एक उणीव मात्र राहते. ज्यूलियाचं मन ऑर्वेलनं आतून जवळजवळ दाखवलंच नाही; तिच्यावर काय गुजरलं ते आपल्याला तिच्या चार वाक्यांतच कळतं.

ती उणीव काही अंशी भरून काढते कारिन बोये या स्वीडिश लेखिकेची ‘कॅलोकेन’. ही १९४०ची, म्हणजे ऑर्वेलच्या आधीची. झोपायच्या खोलीतसुद्धा पोलिसांचा डोळा आणि कान आहे. घरकामाला येणारी बाई वर अहवाल देते. लिओ काल हा रसायनतज्ज्ञ माणसाला खरं बोलायला लावणारं औषध शोधून काढतो. त्याच्या इंजेक्शनखाली लोक कट उघड करतील, अशी अपेक्षा असते. बाहेर येतं ते वेगळंच: काही माणसं गुपचूप जमतात, एक जण दुसऱ्याच्या हातात सुरी देतो आणि झोपल्यासारखा पडून राहतो. विश्वास टाकता येतो का, एवढंच त्यांना अनुभवायचं असतं. त्यांची ना संघटना, ना कार्यक्रम. सत्तेला त्यांचीच भीती वाटते.

लिओला संशय असतो की बायको लिंडाचं मन दुसऱ्यावर आहे, म्हणून तो चोरून तिलाही सुई टोचतो. संशय खोटा ठरतो, पण संसार तिथेच फुटतो. पुढे लिंडा स्वतःहून, औषधाशिवाय, त्याच्याशी मन मोकळं करते, आणि ते बोलणं एका आईचं आहे. ‘१९८४’ वाचली असेल तर पुढे हीच हातात घ्या. इंग्रजी अनुवाद मिळतो. लिंडाच्या त्या बोलण्यापाशी आलात की घाई करू नका. नमस्कार.