रिअरसेट बसला, पण ब्रेक सुटला का?

पुण्याच्या नाना पेठेतून रिअरसेटचं, म्हणजे पाय मागे आणि वर ठेवायच्या फूटरेस्टचं, किट आणलं, जुने फूटरेस्ट काढले, नवे बोल्ट आवळले की काम झालं असं आपण समजतो. मीही तसंच समजत होतो. फूटरेस्ट मागे आणि वर गेले, की त्यांच्याबरोबर गिअर लिव्हर आणि मागच्या ब्रेकचं पेडलही सरकतं. खरी कसोटी तिथे आहे.

माझ्या गाडीवर किटचा प्रत्येक बोल्ट जागच्या जागी बसला होता. जुन्या कात्रज घाटात बोगदा ओलांडून उतरताना मागचा ब्रेक बऱ्याचदा दाबला. उतार संपला तशी गाडी जड झाली, मग न्यूट्रलमध्ये ढकलूनही हलेना. डिस्कजवळ हात नेववत नव्हता. कडेला बसून मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा पंप) दोन्ही बोल्ट थोडे सैल केले आणि चाक मोकळं झालं! म्हणजे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) निर्दोष होता, पुशरॉड (पेडलपासून मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलणारी दांडी) लांब होता.

हे नीट समजून घ्या. मास्टर सिलिंडरमध्ये एक बारीक भोक असतं. पिस्टन पूर्ण मागे आला की ते उघडतं आणि तापून फुगलेलं ब्रेक ऑइल टाकीत परत जातं. पुशरॉडने पिस्टन किंचित जरी पुढे दाबून धरला, तरी भोक बंद राहतं. मग ऑइल जितकं तापेल तितका ब्रेक आपोआप आवळत जातो. घरासमोर फेरी मारून हे कळत नाही, घाटात कळतं. पायाला सोयीचं म्हणून पेडल वर-खाली करायला आपण पुशरॉडच फिरवतो आणि फसतो. चेकनट (रॉड जागेवर धरून ठेवणारा नट) सैल करा, रॉड इतका आखूड करा की पेडल हाताने हलवल्यावर आधी थोडा मोकळा खेळ लागेल, मगच पिस्टन हलेल. एवढं करून पेडल फारच खाली गेलं, तर ते किट त्या गाडीचं नाही. परत करा. ब्रेकमध्ये तडजोड मला मान्य नाही.

गिअरचं त्यामानाने सोपं. गिअर लिव्हर आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट जोडणाऱ्या लिंकेज रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे दोन्ही चेकनट सैल करून रॉड नुसता फिरवला की लांबी बदलते. रॉड आणि शाफ्टवरचा आर्म यांच्यात काटकोन ठेवा, गिअर स्वच्छ पडतात. आर्म १८० अंशांत उलटा बसला, तर पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली होतात. मेकॅनिकने सांगितलं नसेल तर पहिल्याच सिग्नलला गोंधळ उडतो.

टाच स्विंगआर्मला (मागचं चाक धरणारा दांडा) किंवा ब्रॅकेट सायलेन्सरला घासत असेल, तर वॉशरची चळत लावू नका. भोसरीत लेथवर एकसंध बुश (मधून बोल्ट जाणारी नळी) काढून घ्या आणि बोल्टही तेवढाच लांब घ्या. ८ मिलिमीटरचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये निदान १२ मिलिमीटर आत गेला पाहिजे, नाहीतर आटे निघून येतात.

शेवटी पॅडॉक स्टँडवर मागचं चाक उचला, पेडल दहा वेळा दाबून सोडा, चाक हाताने फिरवा, ते मोकळं फिरलं पाहिजे. आणि ब्रेक लाइटच्या स्विचची स्प्रिंग नव्या पेडलला जोडली का, तेही बघा. ती जुन्या ब्रॅकेटबरोबर डब्यात गेलेली मी अनेकदा पाहिली आहे.