शेवटचा दिसला ती तारीख

(दृश्य : पहाट. सहकारनगरमधल्या फ्लॅटचा स्वयंपाकघराचा ओटा. त्यावर लॅपटॉप.)

साडेपाच वाजलेत. तळजाईला फिरायला निघालेल्या मंडळींच्या गप्पा खिडकीतून वर येतायत. ओट्याशी उभ्या असलेल्या डॉक्टरबाई हृदयरोगतज्ज्ञ आहेत. रात्री दीडला एक अँजिओप्लास्टी उरकून आल्या. चहा गार झालाय. पेशंटांच्या आकडेमोडीसाठी लिहिलेला प्रोग्रॅम अडलाय. स्क्रीनवर लाल अक्षरांत एरर आहे आणि वीस मिनिटं झाली तरी कारण सापडत नाहीये. शेवटी सापडतं. एक स्वल्पविराम राहिला होता.

त्या म्हणतात, "कॅथ लॅबमध्ये अँजिओप्लास्टी करताना वायर रक्तवाहिनीच्या भलत्या ब्रँचमध्ये शिरली तर पडद्यावर लगेच दिसतं. इथं चुकलेलं कधीकधी फार सुंदर दिसतं."

या सुंदर दिसणाऱ्या चुकीकडे आपण येणारच आहोत.

एमबीबीएसला संख्याशास्त्र होतं, पण परीक्षेपुरतं. मीन, मीडियन, ची-स्क्वेअर, आणि पी व्हॅल्यू (खरा फरक नसताना इतका फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता) 0.05 च्या खाली आली की जमलं. पुढे वीस वर्षं तेवढ्यावर निभावलं. मग एकदा त्यांनी आपल्याच हार्ट अटॅकच्या पेशंटांची एक्सेल शीट उघडली. प्रश्न साधा होता : यातले तीन वर्षांनी किती जण हयात आहेत?

वेल्ह्याचे एक आजोबा. स्टेंट बसला, दोनदा फॉलोअपला आले, मग आलेच नाहीत. गेले असतील? बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडल्या असतील? की दुसऱ्या डॉक्टरांकडे जात असतील? असल्या ओळी शीटमध्ये पानंच्या पानं होत्या.

(दृश्य : प्रभात रोड. पुस्तकांनी भरलेली खोली.)

रविवारी सकाळी बाई इथं सरांकडे संख्याशास्त्र शिकायला येतात. पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग 1953 साली वि. स. हुजूरबाजार यांनी सुरू केला. सर त्याच विभागात शिकले. आता निवृत्त आहेत, पण फळा अजून भिंतीवर आहे.

"शेवटचे जिवंत कधी दिसले हे आजोबा?"

"अटॅकनंतर चौदाव्या महिन्यात, सर."

"मग चौदा महिन्यांची त्यांची साक्ष घ्या. पुढचं ते काही सांगत नाहीत. तुम्हीही त्यांच्या वतीनं बोलू नका, डॉक्टर."

याला सेन्सॉरिंग म्हणतात. अशा अर्धवट साक्षी वापरून जगण्याची रेषा, म्हणजे किती काळानं किती टक्के हयात याचा आलेख, काढायची कॅप्लान-मायर पद्धत 1958 सालची. मायर यांच्यापुढे कॅन्सरचे पेशंट होते, कॅप्लान यांच्यापुढे टेलिफोनच्या केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब. ट्यूब काय आणि माणूस काय, बंद कधी पडणार हाच प्रश्न. दर मृत्यूला रेषा एक पायरी उतरते. जो नुसताच दिसेनासा झाला, त्याची रेषेवर बारीक उभी खूण राहते.

पण यात एक मेख आहे. न येणारे हे येणाऱ्यांसारखेच असतील, असं ही पद्धत धरून चालते. मरण पावला म्हणूनच आला नाही, तर रेषा खोटी वर राहते. म्हणून वॉर्डातल्या सिस्टरांनी महिनाभर फोन लावले. एका घरून सूनबाई म्हणाल्या, "मामा गेले की आमचे, दिवाळीच्या आधीच." शीटमध्ये 0 चा 1 झाला (0 म्हणजे शेवटचं दिसले तेव्हा हयात, 1 म्हणजे गेले). आजोबांचा नंबर मात्र बंद लागत राहिला.

मधल्या काळात बाईंना एक वेड लागलं होतं. शीटचे तुकडे पाडत जायचं. सत्तरीच्या पुढच्या बायका वेगळ्या, त्यातल्या मधुमेहाच्या आणखी वेगळ्या. सरांनी त्यांना 1988 च्या आयसिस-2 चाचणीची गोष्ट सांगितली. 17,187 पेशंट. हार्ट अटॅकमध्ये अ‍ॅस्पिरिननं जीव वाचतात, हे ठामपणे दाखवणारं काम. तरी उपगटांचे आकडे हवेत असा आग्रह झाला, तेव्हा संशोधकांनी राशीवार आकडे छापले. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिन किंचित अपायकारक! तुकडे पाडत गेलं की योगायोगानं असलं काहीतरी निघतंच. (त्यांच्या राशी सूर्याच्या, आपल्या चंद्राच्या. पत्रिका काढून बसू नये.)

आता ती सुंदर चूक.

हॉस्पिटलमध्ये हार्ट अटॅकनंतरच्या पेशंटांसाठी व्यायामवर्ग चालतो. बाईंनी वर्गात आलेले आणि न आलेले अशा दोन रेषा काढल्या. मधे हात जाईल एवढं अंतर. पी व्हॅल्यू नजर लागावी इतकी लहान. कॉन्फरन्सची स्लाइडसुद्धा तयार झाली.

सरांनी आलेख पाहिला आणि विचारलं, "वर्गात नाव कधी घालतात?"

"दीड-दोन महिन्यांनी. जखम भरली, दम लागणं कमी झालं की."

"म्हणजे नाव घालायला माणूस दोन महिने जगायला हवा. पहिल्या महिन्यात जे गेले, ते सगळे कुठल्या रेषेत पडले?"

बाई बराच वेळ फळ्याकडे बघत राहिल्या.

या चुकीचं नाव इमॉर्टल टाइम बायस. ज्या काळात माणूस मरूच शकत नाही, तो काळ उपचाराच्या खात्यावर जमा होतो. हृदयरोगवाल्यांच्या घरातलीच ही जुनी चूक. स्टॅनफर्डला 1968 मध्ये हृदय प्रत्यारोपण सुरू झालं. नवं हृदय मिळालेले जास्त जगतात, असं आकडे सांगू लागले. 1972 मध्ये मिचेल गेल यांनी बोट ठेवलं : दाता मिळेपर्यंत जो तगला, त्यालाच हृदय मिळालं. त्याच वर्षी डेव्हिड कॉक्स यांचं प्रसिद्ध मॉडेल आलं. त्यात पेशंटला एका गटातून दुसऱ्यात, ज्या दिवशी गेला त्या दिवसापासून, सरकवता येतं. स्टॅनफर्डचे ते 103 पेशंट आजही आर या सॉफ्टवेअरच्या सर्व्हायव्हल पॅकेजमध्ये आहेत. 69 जणांना हृदय मिळालं होतं. बाईंनी पहिल्यांदा त्यांच्यावरच हात बसवला.

मग आपल्या शीटवर. वर्गात आलेल्या प्रत्येक पेशंटच्या दोन ओळी : वर्गाआधीची आणि नंतरची. तीन आठवड्यांच्या पहाटा गेल्या. दोन रेषा जवळ आल्या, काही ठिकाणी चिकटल्याच. थोडा फायदा उरला, पण खात्रीनं बोलावं इतका नाही. स्लाइड डिलीट झाली. व्यायामवर्ग चालू आहे. तो बंद करावा असंही हे आकडे म्हणत नाहीत.

(दृश्य : ओपीडी, दुपार.)

दार उघडतं. धोतर, टोपी, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत फाइल.

"अहो आजोबा! होतात कुठं इतके दिवस?"

"पोराकडं, पनवेलला. तिथंच दाखवत होतो."

बाई लॅपटॉप पुढे ओढतात, वेल्ह्याची ओळ शोधतात, तारीख बदलतात. मग बीपीचा पट्टा घेतात.

"बाही वर करा."